चौकातल्या नव्या सेन्सरबद्दल वाहतूक विभागाला खुले पत्र

प्रति,
मा. प्रमुख अभियंता,
वाहतूक नियंत्रण विभाग

विषय : स्वतःचं कॅलिब्रेशन स्वतः करणारे सेन्सर आणि त्यांच्या निमित्ताने बंद केलेली प्रत्यक्ष तपासणी

महोदय,

चौकाचौकांत बसवलेले, वाहतूक मोजणारे नवे सेन्सर स्वतःचं कॅलिब्रेशन, म्हणजे मापाची जुळवणी, स्वतः करतात, त्यामुळे आता त्यासाठी रस्त्यावर माणूस उतरवावा लागणार नाही, असं आपलं परिपत्रक सांगतं. त्याच परिपत्रकाच्या शेवटी, बोलता बोलता सांगितल्यासारखं आणखी एक वाक्य आहे : हाताने मोजणी करून डेटा पडताळणारी पथकं यापुढे बंद. पहिल्या वाक्याचं मी मनापासून स्वागत करते. हे पत्र दुसऱ्या वाक्यासाठी आहे.

स्वागत का करते, ते आधी सांगते; नाहीतर जुन्या माणसाला नवं यंत्र खुपतंय असं वाटायचं. माझी नोकरीची बहुतेक वर्षं वाहतूक सर्वेक्षणात गेली. कॅमेरा बसवला की त्याला रस्त्याचं माप शिकवायचं काम आमच्याकडे असे. रात्री तीनच्या सुमाराला एक लेन बंद करायची, रस्ता अडवणारे प्लास्टिकचे कोन मांडायचे, टेपचं एक टोक मी धरायचं आणि दुसरं सहकाऱ्याने. ओल्या डांबरावर खडू उमटत नाही, म्हणून स्टॉप लाईनपासून दर दहा मीटरवर पांढऱ्या रंगाचा ठिपका मारायचा. खांबाखाली बसलेला तिसरा माणूस लॅपटॉपच्या पडद्यावर त्या ठिपक्यांवर क्लिक करत जायचा. एका रात्री एका ट्रकने आमचे तीन कोन उडवले आणि ताणलेल्या टेपवरून तो तसाच निघून गेला. टेपची पोलादी कड माझ्या तळहातातून सरकली. तो व्रण अजून आहे. ट्रक हातभर अलीकडून गेला असता तर हे पत्र लिहायला मी नसते. तेव्हा टेप घेऊन माणसाला वाहत्या रस्त्यात उभं करायचं नाही, या आपल्या निर्णयाच्या बाजूने मी आहेच.

आता मी निवृत्त आहे आणि याच रस्त्यांवरून पायी फिरते. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर चाल मंदावली आहे. ज्या चौकातून मी रोज दोनदा जाते, तिथे नवे सेन्सर आल्यावर काही आठवड्यांतच पादचाऱ्यांचा हिरवा सिग्नल कमी झाला. पूर्वी मी पलीकडच्या फुटपाथला पाय लावेपर्यंत तो टिकायचा. आता दुभाजकापाशी पोचते न पोचते तोच लुकलुकायला लागतो. आपल्या कार्यालयात विचारल्यावर उत्तर मिळालं, की या चौकात पादचाऱ्यांची मागणी कमी आहे, सेन्सरचा डेटा तसंच दाखवतो.

त्यानंतर आपण नागरिकांसाठी प्रात्यक्षिक ठेवलं होतं, तिथे मी मुद्दाम गेले. मोठ्या पडद्यावर माझाच चौक होता. प्रत्येक गाडीभोवती हिरवी चौकट, चौकटीवर वेग, सगळं झकास. मी मात्र पडद्याच्या डाव्या कोपऱ्याकडे पाहत होते. तिथे बसथांब्याचं छप्पर आहे आणि रस्ता ओलांडायला आलेली माणसं ऊन-पावसात त्या छपराखालीच उभी राहतात. कॅमेरा खांबावर उंचावर आहे. त्याला छप्पर दिसतं, खालची माणसं दिसत नाहीत. सिग्नल हिरवा झाल्यावर छपराखालून एकदम घोळका बाहेर पडला आणि पडद्यावर त्या सगळ्यांभोवती मिळून दोन चौकटी उमटल्या. आपल्या कार्यालयाने सांगितलेली ‘कमी मागणी’ ती हीच.

काटेकोर बोलायचं तर हा दोष कॅलिब्रेशनचा नाही, न दिसण्याचा आहे. पण एक माणूस टॅली काउंटर, म्हणजे दाबलं की एकेक आकडा पुढे सरकणारं हातातलं मोजणीयंत्र, घेऊन अर्धा तास त्या फुटपाथवर बसला असता, तर हा दोष पहिल्याच सकाळी हाती लागला असता. तो माणूसच आपण काढून टाकला. कॅलिब्रेशन आणि पडताळणी ही दोन वेगळी कामं आहेत. परिपत्रकात ती एकाच दमात निकालात निघाली आहेत. यंत्राला माप शिकवण्याचं काम यंत्रानेच केलं तर उत्तम. ते बरोबर शिकलं की नाही, हेही त्यालाच विचारायचं, हे मला मान्य नाही.

माझ्या तक्रारी आता एकेक करून मांडते.

पहिली तक्रार मापाच्या पट्टीची आहे, आणि ती जरा सविस्तर सांगावी लागेल. कॅमेऱ्याला मीटर कळत नाहीत, फक्त पिक्सेल कळतात. पिक्सेलवरून मीटर काढायचे तर कॅमेऱ्याची उंची, कल आणि लेन्सची फोकल लेंग्थ (लेन्स दृश्य किती जवळ आणते ते ठरवणारं माप) लागते. आम्ही ठिपके मारून ती काढायचो. नवी पद्धत गाड्यांनाच ठिपके बनवते. सरळ रस्त्यावरच्या गाड्यांचे मार्ग प्रत्यक्षात समांतर असतात, चित्रात ते लांबवर एका बिंदूकडे झुकतात. रुळांचं चित्र काढताना शाळेत शिकवतात तोच हा व्हॅनिशिंग पॉइंट. गाड्यांच्या आडव्या कडांवरून, म्हणजे बंपर, टप यांच्या रेषांवरून, असाच दुसरा बिंदू मिळतो. लेन्स रेषा वाकवत नाही आणि चित्राचा मध्य जागेवर आहे असं धरलं, तर काटकोनातल्या या दोन दिशांच्या दोन बिंदूंवरून फोकल लेंग्थ आणि रस्त्याचा कल गणिताने काढता येतो. कुणालाही रस्त्यात उतरावं लागत नाही. ही पद्धत पहिल्यांदा समजून घेतली तेव्हा, खरं सांगते, आपण इतकी वर्षं उगाच टेप ओढली असं वाटलं.

पण हे दोन बिंदू आकार सांगतात, माप सांगत नाहीत. खेळण्यातला रस्ता आणि खेळण्यातल्या गाड्या योग्य अंतरावरून टिपल्या, तर चित्र हुबेहूब खऱ्या रस्त्यासारखंच येईल आणि दोन्ही व्हॅनिशिंग पॉइंटही तिथेच पडतील. खरं माप बाहेरूनच यावं लागतं. निदान एक लांबी तरी आधी माहीत असावी लागते. स्वयंचलित पद्धत ही लांबी गृहीत धरते. कुठे लेनची प्रमाण रुंदी घेते, कुठे गाड्यांची सरासरी लांबी-रुंदी. समजा यंत्राने लेन साडेतीन मीटरची धरली आणि ती प्रत्यक्षात सव्वातीन मीटरची आहे. या एवढ्याशा फरकाने सगळी अंतरं सुमारे ८ टक्क्यांनी फुगतात आणि ५० च्या वेगाने जाणारी गाडी ५४ ने जाताना दिसते. सरासरी गाडीचं माप धरलं तर प्रश्न आणखी वाढतो, कारण ती सरासरी कुठल्या गाड्यांची? जिथे दुचाकी, तीनचाकी आणि अवजड वाहनं एकमेकांत मिसळून चालतात, तिथे ‘सरासरी गाडी’ नावाची वस्तू रस्त्यावर सापडत नाही.

यावर आपले अभियंते म्हणतील, आणि प्रात्यक्षिकाच्या दिवशी एकाने म्हटलंही, की प्रणाली स्वतःची आकडेवारी स्वतः ताडून पाहते : दर तासाची वाहनसंख्या म्हणजे घनता गुणिले वेग, आणि हे समीकरण जुळतं. जुळणारच हो! पट्टी ८ टक्के लांब निघाली की वेग ८ टक्के जास्त येतो आणि दर किलोमीटरला गाड्यांची घनता त्याच प्रमाणात कमी येते. दोघांचा गुणाकार जिथल्या तिथे. एकाच पट्टीने मोजलेल्या दोन गोष्टी ताडून ती पट्टी कधीच पकडता येत नाही. त्यासाठी दुसरी पट्टी लागते.

हे माझं एकटीचं म्हणणं नाही. झेकियातल्या ब्रनोच्या तंत्रज्ञान विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ च्या सुमाराला रस्त्याकडेच्या कॅमेऱ्याचं पूर्ण स्वयंचलित कॅलिब्रेशन, नेमकं याच दोन बिंदूंच्या वाटेने, करून दाखवलं. पुढे त्यांनी आपली पद्धत तपासायला काय केलं ते पाहा. सहा ठिकाणी अठरा चित्रफिती घेतल्या, त्यातल्या वीस हजारांहून अधिक वाहनांचा वेग लेसर किरणांच्या आडव्या पडद्यांनी वेगळा मोजला आणि तो मोजलेला वेगही जीपीएस लावलेल्या गाड्या चालवून पडताळला. माणसाचा हात काढून टाकणारी पद्धत ज्यांनी पुढे आणली, त्यांनाही स्वतःच्या पद्धतीला स्वतंत्र साक्षीदार लागला. आपल्याला तो नको झाला.

दुसरी तक्रार सेन्सर कधी बसवले, याची. शेजारच्या चौकात ते बसवले तेव्हा रस्त्याची उजवी बाजू पाइपलाईनसाठी खणलेली होती. सगळी वाहतूक डावीकडे दाटून, जरा तिरकी होऊन जात होती. लेन कुठे आहेत हे हे सेन्सर गाड्यांच्या वाटा पाहून शिकतात. जिथून जास्त गाड्या जातात ती लेनची मधली रेषा, असा साधा हिशेब. त्या आठवड्यात यंत्राने जे पाहिलं ते ते प्रामाणिकपणे शिकलं. नंतर खड्डा बुजला, रस्ता पूर्ववत झाला. प्रात्यक्षिकात मात्र त्या चौकाच्या लेन अजून तिरक्याच आखलेल्या होत्या आणि उजवीकडे वळणाऱ्या गाड्या कधी सरळ जाणाऱ्यांत मोजल्या जात होत्या, कधी कशातच नाही. मी तिथल्या तंत्रज्ञाला ते दाखवलं. तो म्हणाला, “मॅडम, सिस्टीम हळूहळू शिकेल.” शिकेलही. पण तोवर त्या उजव्या वळणाच्या सिग्नलची वेळ याच चुकीच्या मोजणीवर ठरते आहे, आणि ‘हळूहळू’ म्हणजे किती दिवस हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नाही.

तिसरी तक्रार मला सगळ्यात गंभीर वाटते. यंत्र स्वतःची पट्टी बदलतं आणि कुणाला सांगत नाही.

खांब हलतात. वाऱ्याने, शेजारून जाणाऱ्या अवजड गाड्यांच्या हादऱ्यांनी, काच पुसायला चढलेल्या माणसाच्या कोपराने. आठ मीटर उंचीवरच्या कॅमेऱ्याने साठ मीटरवरची गाडी पाहायची, तर त्याची नजर आडव्या पातळीखाली सुमारे साडेसात अंश असते. कॅमेरा एक अंश खाली कलला आणि यंत्राला ते कळलं नाही, तर तीच गाडी त्याला ६९ मीटरवर दिसेल. एका अंशाने नऊ मीटर! म्हणून सतत स्वतःला सुधारून घेणारी पद्धत चांगलीच. हाताने केलेलं कॅलिब्रेशन एकदा चुकलं की पुढची फेरी येईपर्यंत चुकलेलंच राहायचं. इथे जुन्यापेक्षा नवं बरं, हे मी मान्य करते.

रडारचंही तसंच. डॉप्लर रडार, म्हणजे वाहनावर आपटून परतलेल्या लहरींवरून वेग काढणारं यंत्र, वाहनाच्या वेगाचा फक्त आपल्या रोखाने असलेला भाग मोजतं. २० अंश तिरकं पाहिलं तर ६० चा वेग सुमारे ५६ दिसतो. कोन माहीत असला की दुरुस्ती सोपी. कोन बदलल्याचं मात्र आधी कळावं लागतं.

पण सुधारणा झाली याची नोंद कुठे आहे? समजा या महिन्यात आपल्या अहवालात सरासरी वेग चार किलोमीटरने उतरलेला दिसला. गाड्या खरोखर सावकाश चालू लागल्या, की सेन्सरने मध्येच आपली पट्टी दुरुस्त केली? नवा गतिरोधक कामी आला म्हणून आपण पाठ थोपटून घ्यायची, की गेल्या महिन्याचे आकडेच चुकीचे होते म्हणून मान खाली घालायची? नोंदच नसेल तर या दोहोंत फरक करता येत नाही. आमच्या काळी कॅलिब्रेशनची नोंदवही असे. तारीख, कारण, जुनं माप, नवं माप आणि खाली दोन सह्या. वही कधी पावसात भिजायची, अक्षर माझं वाईटच होतं, पण आकडा का बदलला हे तीन वर्षांनीही सांगता यायचं.

चौथी तक्रार ‘अचूकता’ या शब्दाची. प्रणाली सर्वमान्य कसोटीत उत्तीर्ण झाली, असं प्रात्यक्षिकात सांगितलं गेलं. ही कसोटी मी ओळखते. तिला जीईएच म्हणतात, आणि दोन तासिक आकड्यांमधला फरक किती मनावर घ्यायचा, हे ती सांगते. पाचाच्या आत उत्तर आलं की समाधानकारक. दोन आकड्यांच्या फरकाचा वर्ग करा, त्याची दुप्पट करा, दोन्ही आकड्यांच्या बेरजेने भागा आणि वर्गमूळ घ्या. आता समजा एका तासात शंभर सायकली गेल्या आणि सेन्सरने साठच मोजल्या. उत्तर येतं साडेचार. उत्तीर्ण! शंभरातले चाळीस सायकलस्वार हरवले तरी उत्तीर्ण. तेच हरवलेले चाळीस एक हजार वाहनांच्या बेरजेत घाला, उत्तर सव्वाच्या आसपास, म्हणजे उत्कृष्टच. ही कसोटी मोठ्या प्रवाहांसाठी बनलेली आहे आणि तिथे तिचं काम ती चोख करते. संख्येने थोडे असलेल्यांसाठी ती वापरली की ते सभ्यपणे अदृश्य होतात.

हे काही आजचं नाही. गाडी आल्याचं ओळखायला रस्त्यात पुरलेल्या तारेच्या लूपवरही (वेटोळ्यावरही) सायकलस्वार लाल दिव्यासमोर ताटकळतच आले आहेत, कारण लूप मोठ्या धातूच्या सावलीसाठी जुळवलेला असतो आणि सायकलीचा पातळ सांगाडा त्याच्या हिशेबात येत नाही. त्याही आधी, १९२८ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये बसवलेल्या एका सिग्नलला कानासारखा मायक्रोफोन होता. गाडीवाल्याने हॉर्न वाजवला की तो बदलायचा. ज्याच्यापाशी भोंगा, त्याची दखल. आपल्या सेन्सरला कान नाहीत एवढंच.

पाचवी तक्रार थोडक्यात. चुकीची मोजणी सिग्नलच्या वेळेत शिरली की ती सरळ हिशेबाने वाढत नाही. सिग्नलची एक पूर्ण फेरी किती सेकंदांची असावी, याचं ब्रिटिश वाहतूक संशोधक वेबस्टर यांचं १९५८ चं सूत्र आजही शिकवलं जातं. चौकाच्या क्षमतेचा किती भाग वापरात आहे, यावर ते चालतं. प्रत्येक फेरीत १२ सेकंद वाया जातात असं धरलं, तर वापर ०.७ असताना फेरी येते सुमारे ७७ सेकंदांची आणि ०.८ असताना ११५ सेकंदांची. सेन्सरने ओल्या रस्त्यावरच्या हेडलाइटच्या प्रतिबिंबांना गाड्या समजून मोजणी फुगवली, तर फुटपाथवर भिजत उभ्या असलेल्या माणसाला ३८ सेकंदांपर्यंत जास्त थांबायला लागेल. त्याने त्या ३८ सेकंदांत काय करावं अशी अपेक्षा आहे? तो लाल दिव्यातच पळत सुटतो. मी स्वतः पाहते, रोज.

यावर आपल्याकडून एक उत्तर हमखास येईल, म्हणून त्याबद्दल आधीच बोलते : इतक्या चौकांत माणसं पाठवायला मनुष्यबळ नाही. पण सगळे चौक रोज मोजा, असं कुणीच म्हणत नाही. एका चौकाला काही महिन्यांतून एकदा दोन माणसं आणि अर्धा दिवस पुरतो. रस्त्यात उतरायचं नाही, लेन बंद करायची नाही. फुटपाथवर बसून मोजायचं, आणि वेगासाठी जीपीएस लावलेली विभागाचीच एखादी गाडी चार-सहा वेळा चौकातून न्यायची. जीव धोक्यात घालणारं काम यंत्राने काढून घेतलं, त्यातून वाचलेला वेळ या कामासाठीच तर होता.

माझ्या मागण्या अशा :

एक. सेन्सर बसवल्यावर, आणि त्याचा डेटा सिग्नलला जोडण्याआधी, स्वतंत्र प्रत्यक्ष मोजणी व्हावी. ती पुरवठादाराने करू नये आणि पुरवठादाराच्या पडद्यावरून तर मुळीच करू नये. गर्दीची वेळ, रात्र आणि पावसाचा एक दिवस, तिन्ही त्यात असावेत. पुढे दर सहा महिन्यांनी, तसंच खोदकाम, नवे पट्टे किंवा खांबाला धक्का यानंतर लगेच ती पुन्हा व्हावी.

दोन. चुकीचं प्रमाण वाहनप्रकारानुसार वेगवेगळं जाहीर करावं. एकूण वाहनांचा एकच टक्का सांगून भागवू नये. पादचारी आणि सायकलस्वार यांच्यासाठी जीईएच न वापरता, शंभरातले किती दिसले आणि किती नाही, एवढं सरळ सांगावं.

तीन. प्रत्येक चौकात एक तरी लांबी प्रत्यक्ष मोजलेली असावी. स्टॉप लाईनपासून झेब्रा क्रॉसिंगच्या पलीकडच्या कडेपर्यंतची चालेल. सिग्नल लाल असताना अर्ध्या मिनिटात ती फुटपाथच्या कडेने मोजता येते. त्या एका लांबीशी यंत्राने आपली पट्टी रोज ताडावी आणि फरक ठरावीक मर्यादेबाहेर गेला की स्वतः बोंब मारावी.

चार. कॅलिब्रेशनमधल्या प्रत्येक बदलाची तारीखवार नोंद राहावी आणि प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक आलेखावर त्या तारखेपाशी खूण असावी. निविदेच्या अटींत हे आताच घाला. बसवून झाल्यावर कंत्राटदार ते देत नाहीत, हा माझा अनुभव.

पाच. पादचाऱ्यांच्या हिरव्या सिग्नलची किमान वेळ सेन्सरच्या हाती देऊ नये. ती रस्त्याच्या रुंदीवरून आणि चालण्याच्या वेगावरून ठरावी. बरीच वर्षं सेकंदाला १.२ मीटर हा वेग धरला जायचा. अमेरिकेच्या २००९ च्या नियमपुस्तिकेने तो सुमारे १.०७ वर आणला. चौदा मीटरच्या रस्त्याला पहिल्या हिशेबाने बारा सेकंद लागतात, दुसऱ्याने तेरा. सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्या माणसाला साडेसतरा लागतात. मी सध्या त्या तिसऱ्या ओळीत आहे. मागणी कमी असली तरी रस्त्याची रुंदी कमी होत नाही.

सहा. या सेन्सरनी मोजलेल्या वेगावरून कुणालाही दंड होऊ नये. दंडासाठी वापरायच्या वेगमापक रडारसाठी कायदेशीर मापनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची वेगळी शिफारस आहे, तिचा क्रमांक ९१. त्या शिफारशीत यंत्राच्या तपासणीची रीत दिलेली आहे. वाहतूक समजून घेण्यासाठी बसवलेला आणि सरासरी गाडीच्या लांबीवर पट्टी बेतलेला कॅमेरा त्या कामाचा नाही. आपला तसा विचार नसेल तर तसं लेखी जाहीर करा, म्हणजे विषय मिटला.

सात. पडताळणीसाठी घेतलेलं चित्रण पडताळणी संपताच पुसलं जावं. हे वेगळं सांगायला लागू नये.

बसथांब्याच्या छपराचा प्रश्न वरच्या कुठल्याच मागणीत नाही, कारण त्याला नियम नको, एक जास्तीचा डोळा हवा. छपराखाली, माणसांच्या उंचीवर छोटा डिटेक्टर लावा, किंवा तिथल्या खांबावर साधं बटण द्या. बटणाला कॅलिब्रेशन लागत नाही.

आपण म्हणाल, बाई घरी बसून पत्र लिहितात. तसं नाही. माझा जुना टॅली काउंटर अजून चालतो, फक्त शून्यावर आणताना त्याची किल्ली दोनदा फिरवावी लागते. येत्या सोमवारपासून पाच दिवस, सकाळी आठ ते दहा, मी त्या छपराखाली बसून रस्ता ओलांडणारी माणसं मोजणार आहे, पंधरा-पंधरा मिनिटांच्या रकान्यांत. त्याच वेळचे सेन्सरचे आकडे आपण द्या. दोन्ही रकाने शेजारी-शेजारी मांडून मी ते जसेच्या तसे प्रसिद्ध करीन, माझा रकाना चुकलेला निघाला तरीही. आपला एखादा अभियंता सोबत बसायला आला तर आणखी चांगलं. बाकावर जागा आहे, आणि दुसरा काउंटर मी घेऊन येईन.

आपली,
एक निवृत्त सर्वेक्षक आणि रोजची पादचारी